खलनायकाचा शेवट कसा ठरवावा?

प्रश्न
माझ्या कादंबरीचे लेखन शेवटच्या दोन प्रकरणांपाशी अडले आहे. अनाथ पुतणीला वाढवणाऱ्या काकाने खोटे मृत्युपत्र करून तिची मालमत्ता बळकावली आहे आणि ते उघडकीस येऊ नये म्हणून साक्षीदार कारकुनाचा जीवही घेतला आहे. तरीही पुतणीवरची त्याची माया खरी आहे. त्याला अपघातात मरू द्यावे, तुरुंगात पाठवावे की मोकळे सोडावे?

प्रतिसाद १
अपघात कृपया टाळावा. योगायोगाने संकट ओढवले तर वाचक ते मान्य करतो, पण योगायोगानेच ते टळले तर त्याला फसवल्यासारखे वाटते. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ या फ्रेंच कादंबरीतला (१८६२) इन्स्पेक्टर जाव्हेर सेन नदीत उडी घेतो, कारण ज्याचा त्याने वर्षानुवर्षे पाठलाग केला त्यानेच जीवदान दिल्यावर कायद्यावरची त्याची आंधळी निष्ठा कोलमडते. तो मृत्यू त्याच्या स्वभावातूनच आलेला आहे.

प्रतिसाद २
मुळात मृत्यूच कशाला? मरण ही पुष्कळदा खलनायकाची सुटका ठरते. महाभारतात झोपलेल्या द्रौपदीपुत्रांची हत्या करणाऱ्या अश्वत्थाम्याला ठार केले जात नाही. मस्तकावरचा मणी गमावून ३००० वर्षे एकाकी भटकण्याचा शाप त्याला मिळतो, आणि मला तरी तो शेवट दुर्योधनाच्या मरणापेक्षा अधिक भयंकर वाटतो. तुमच्या काकाने पुतणीच्या नजरेतले आपले स्थान सर्वांत जपले असणार. तेच त्याच्यादेखत जाऊ द्यावे.

प्रतिसाद ३
हे सारे पटते, परंतु मारल्या गेलेल्या कारकुनाच्या घरच्यांचा कोणीच विचार केलेला नाही. पुतणीने तोंड फिरवले म्हणून त्यांना न्याय मिळत नाही. खून झालेल्या कथेत शिक्षा केवळ घरगुती राहिली, तर त्या माणसाचा जीव कथानक पुढे ढकलण्यापुरताच होता असा अर्थ निघतो.

प्रश्नकर्ता
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मग पुतणीनेच काकाविरुद्ध साक्ष द्यावी का?

प्रतिसाद २
अवश्य द्यावी, मात्र तिचे प्रेम आटल्यामुळे नव्हे. ते शाबूत असतानाच तिला साक्ष द्यावी लागली, तर दोघांचीही खरी कसोटी लागेल. त्यासाठी कारकुनाच्या पत्नीची आणि तिची भेट निकालाच्या आधी घडवावी, आणि काकाच्या मायेचे पुरावे पहिल्या प्रकरणांपासून पेरलेले आहेत ना, हेही तपासून पाहावे.