परवडणारं भाड्याचं घर तुम्हाला कसं मिळालं?

जाहिरातीतलं भाडं आणि दर महिन्याला खरोखर जाणारे पैसे यांत बरंच अंतर असतं. तुम्हाला परवडेल असं घर मनाजोगत्या भागात मिळालं असेल, तर कसं मिळालं ते तपशिलात लिहा. सध्या घर शोधणाऱ्यांना खूप आधार होईल.

*

आम्हाला घर मिळालं ते वॉचमनकाकांमुळे. हव्या त्या गल्ल्यांतून संध्याकाळी पायी फिरायचो, अंधाऱ्या, बिनपडद्याच्या खिडक्या दिसल्या की खाली चौकशी करायचो. जाहिरात लागायच्या आतच हे घर कळलं, दलालीही वाचली. मालकीणबाईंना टिकून राहणारं कुटुंब हवं होतं. त्यांच्याशी मी मोकळेपणानं हिशेब मांडला: वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर ८ टक्क्यांहून जास्त भाडं बुडतं, त्यापेक्षा ५ टक्के कमी घेऊन भाडेकरू टिकवणं बरं. त्यांना पटलं. घासाघीस करण्यापेक्षा समोरच्याची काळजी ओळखून बोललेलं जास्त चालतं, असं मला मनापासून वाटतं.

*

जुनी इमारत, लिफ्ट नाही, चौथा मजला, म्हणून भाडं कमी. घर दोनदा पाहिलं. एकदा सकाळी, सगळ्यांचे नळ चालू असतात तेव्हा, पाण्याचा दाब बघायला. एकदा रात्री, आवाज आणि रस्त्यावरचा उजेड बघायला. कपाटामागच्या भिंतीला हात लावून ओल तपासली. नवा रंग दिलेला असला तर हे आवर्जून करा.

*

घर दाखवायच्या आधी टोकन मागितलं की तिथून निघा. मालक बाहेरगावी आहे, चावी कुरिअरनं येईल, असं मलाही सांगितलं होतं. मालकीची कागदपत्रं पाहिल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत.

*

वरच्या ताईंच्या लिफ्टच्या मुद्द्याला जोडून: घरी वयस्कर कुणी असेल तर चौथा मजला नको. त्यापेक्षा थोडं लांबचं घर बघा, पण भाड्यात रोजच्या प्रवासाचा खर्च मिळवूनच तुलना करा.

*

मी डिपॉझिटबद्दल सांगते. सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, मीटरच्या रीडिंगचा फोटो घेतला आणि त्याच दिवशी मालकांना पाठवला. घर सोडताना आधीच्याच तड्यांचे पैसे कापायची गोष्ट निघाली, तेव्हा तो व्हिडिओ दाखवला आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. करारात मेंटेनन्स कोण भरणार, भाडं कधी आणि किती वाढणार, नोटीस किती दिवसांची, हे सगळं लिहून घेतलं होतं.