पाळीतली पोटदुखी: सुंठ, मेथी, अशोकारिष्ट – खरंच गुण कशाचा?

रानजाई: पाळीत ओटीपोट-कंबर धरली की ही तीन नावं हमखास निघतात. चाचण्या कशाच्या झाल्यात? प्रमाण ग्रॅममध्ये सांगा, "चिमूटभर" नको.

खलबत्ता: त्यातल्या त्यात सुंठ. चाचण्यांमध्ये दिवसाला पाऊण ते 2 ग्रॅम पूड, पहिले 3-4 दिवस दिली गेली. इराणमध्ये 2009 साली 150 विद्यार्थिनींवर तुलना झाली: सुंठ 250 मिग्रॅ दिवसातून 4 वेळा, 3 दिवस. आराम मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांइतकाच. पण प्लासिबोचा (औषध नसलेल्या, दिखाऊ गोळीचा) गट नव्हता, म्हणून फार हुरळून जाऊ नये.

सपाट चहाच्या चमच्यात साधारण 2 ग्रॅम पूड मावते. तेव्हा पाव चमचा, गुळात गोळी करून, खाल्ल्यावर, दिवसातून तीनदा. चूक होते ती वेळेची. कळा आणणारी शरीरातली रसायनं, प्रोस्टाग्लँडिन्स, पहिल्या 48 तासांतच सर्वांत जास्त असतात, म्हणून पहिल्या कळेलाच सुरू करायची; कळवळायला लागल्यावर घेऊन "गुण येत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. आल्याच्या चहात आलं किती उतरलं ते कुणालाच ठाऊक नसतं, तो हिशोबात धरू नका. पित्ताचा त्रास असेल तर सुंठेने छातीत जळजळतं.

मेथीपूड 900 मिग्रॅ तीनदा, 3 दिवस अशी तपासली गेली, तीही लहान चाचणीत. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात सुंठ-मेथी दोन्हींचा पुरावा कमी दर्जाचाच ठरला.

सालपापुद्रा: अशोकारिष्ट मुळात जास्त अंगावर जातं तेव्हा ते कमी व्हावं म्हणून देतात, पोटदुखीसाठी नव्हे. त्यामागे सुंठीएवढाही पुरावा नाही. त्यात ते ज्यापासून करतात त्या अशोकाच्या सालीतच भेसळ: हवा सीतेचा अशोक, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा. विकली जाते बऱ्याचदा रस्त्याकडेच्या उंच, नागमोडी कडांच्या पानांच्या खोट्या अशोकाची साल. वाळून तुकडे झाले की नुसत्या नजरेने ओळखणं कठीण. शिवाय अरिष्ट म्हणजे आंबवलेलं औषध, अल्कोहोल असतंच.

रानजाई: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर?

खलबत्ता: वॉरफरिन असेल तर सुंठ-मेथीचे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मधुमेहाच्या गोळ्यांवर मेथीने साखर आणखी उतरू शकते. दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी चाचणी.

सालपापुद्रा: आणि शेक विसरू नका, त्याचा पुरावा चांगला आहे. साधारण 39 अंशांची पट्टी, दिवसाला 12 तास, अशी तपासली गेलीय. रबरी पिशवीत उकळतं पाणी नको, वर टॉवेल गुंडाळा. तासाला पॅड भिजत असेल किंवा पाळी संपल्यावरही दुखत असेल तर काढे बाजूला ठेवून सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन.