बाबांच्या पिढीवर विडंबनगीत करायचंय: काय ऐकावं, चाल कुठली घ्यावी?

वाशीकर:
आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा चाळिशीतली मंडळी एक विडंबनगीत बसवतोय. 'आमच्या बाबांनी एका पगारात घर केलं, आजची पोरं नुसती रडतात' हे आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी टाकतंच. माझे बाबा बँकेत होते. घरकर्ज बँकेचंच, तेही सवलतीच्या व्याजानं, आणि निवृत्तीनंतर पेन्शन. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. पण कष्टांच्या जोडीला सोयही होती, हे कुणीच म्हणत नाही. ते गाण्यातून कसं आणावं?

नौपाडा_ठाणे:
आधी एकनाथांची भारुडं ऐका. 'सत्वर पाव गे मला' मध्ये सून घरातल्या एकेकाला उचल म्हणून भवानीला नवस बोलते. नाथ मध्ये पडत नाहीत, सगळं तिच्याच तोंडून येतं. तुम्हीही बाबांना गायला लावू नका. ज्याला घर आयतं मिळालं आणि जो आता दुसऱ्यांना उपदेश करतो, त्या मुलाला गाऊ द्या.

ऐरोली_सेक्टर:
सहमत. एक सावधगिरी मात्र बाळगा. अमेरिकन गायक-गीतकार रँडी न्यूमन यांचं १९७७ चं 'शॉर्ट पीपल' ऐका. गाणारा बुटक्या माणसांना नावं ठेवतो, रोख त्याच्याच पूर्वग्रहावर आहे. तरी अनेकांनी ते शब्दशः घेतलं आणि निषेध झाले. गाणारा कोण, हे पहिल्याच कडव्यात कळायला हवं.

घणसोली_गाव:
मी आगरी. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. दादा, एका पगारातल्या त्या घराखाली कुणाचं तरी भातशेत होतं. त्यावर एक कडवं हवंच.
आमच्याकडेही हेच चालतं, बरं का. 'बापाच्या वेळी खाडीत सोनं होतं' म्हणतात. मिठागरात उभं राहून आयांच्या टाचा भेगाळायच्या, मिठाचं पाणी त्या भेगांत शिरायचं, रात्री पाय टेकवत नसे. ते कुणी गात नाही. लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी, ऐका; ती गाणारी बाई, धवलारीण, आजही म्हणते. ती चाल जवळची वाटेल.

नौपाडा_ठाणे:
वा! मग पोवाडाच करा. बापाचा पराक्रम शाहिरानं गायचा आणि अडचणीचे प्रश्न मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांनी विचारायचे:

शाहीर: एकाच पगारावर, बांधलं घर, माझ्या बापानं, जी जी रं जी
झीलकरी: अन् पहाटे उठून, डबा भरून, दिला कोणानं? जी जी रं जी

वाशीकर:
हे आईलाही ऐकवतो. पोवाडा नक्की. घणसोलीकर, जमिनीचं कडवं तुम्हीच लिहाल का?

घणसोली_गाव:
लिहितो. आगरीत लिहीन, आणि ते आगरीतच म्हटलं पाहिजे.