पियाझोला: ऐकायला सुरुवात कुठून करावी आणि व्हायोलिन-गिटारवर काय बसवावं?

तंबोरी:
नमस्कार. अर्जेंटिनाचे टँगो संगीतकार आस्तोर पियाझोला यांचं 'लिबेरटांगो' सोडलं तर काहीच नीट ऐकलेलं नाही. माणूस आणि काम दोन्ही समजून घ्यायचंय. शिवाय व्हायोलिन आणि नायलॉन तारांची गिटार अशा जोडीवर तीन महिन्यांत काहीतरी बसवायचंय. नोटेशन वाचता येतं. काय ऐकावं, काय वाजवावं, नेमकं कुठे बिघडतं?

उत्तररात्र:
'टँगो: झीरो अवर' (१९८६) पासून सुरू करा. बांदोनेऑन (पियाझोलांचं बटणं-भात्याचं वाद्य), व्हायोलिन, पियानो, डबल बास आणि इलेक्ट्रिक गिटार असं त्यांचं पंचक पूर्ण मुरलं होतं तेव्हाचं हे रेकॉर्डिंग. एकदा सलग ऐका. दुसऱ्यांदा फक्त हेक्तोर कोन्सोलेच्या बासकडे कान ठेवा, म्हणजे बाकीचे चौघे कशाच्या भरवशावर इतके मोकळे सुटतात ते कळेल.

मग 'आदियोस नोनिनो'. नोनिनो म्हणजे वडील, विसेंते. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनीच मुलाला जुनं बांदोनेऑन आणून दिलं. १९५९ मध्ये ते गेल्याची बातमी पियाझोलांना दौऱ्यावर असताना पोर्तो रिकोत कळली. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी १९५४ च्या आपल्याच 'नोनिनो' या रचनेचा तालबद्ध भाग ठेवला आणि त्याला ती लांबच लांब संथ चाल जोडली. म्हणून त्यात दोन स्वभाव ऐकू येतात.

तिसरा मुक्काम अनिबाल त्रोइलोच्या टँगो वाद्यवृंदाचा, १९४० च्या आसपासचा. पियाझोला १९३९ पासून १९४४ पर्यंत तिथे होते. हे न ऐकता पुढे गेलात तर ते कशापासून फुटून निघाले हेच समजत नाही. दुरावा मात्र कायमचा नव्हता. १९७५ मध्ये त्रोइलो गेले तेव्हा 'सुइते त्रोइलेआना' पियाझोलांनीच लिहिली.

भाता_सांभाळा:
बांदोनेऑन समजून घ्या, निम्मं संगीत तिथेच उलगडतं. पेटीसारख्याच पात्या आणि भाता, पण पट्ट्या नाहीत, बटणं. उजवीकडे ३८, डावीकडे ३३. बहुतेक बटणांचा स्वर भाता उघडताना एक आणि मिटताना दुसरा. बहुतेक वादक बसून वाजवतात. पियाझोला उभे राहायचे, एक पाय टेकूवर आणि वाद्य मांडीवर. भाता उघडताना वाद्याचं वजनच आघात देतं.

व्हायोलिनवर हे हवं असेल तर गजाचा भार स्वराच्या सुरुवातीला द्या आणि लगेच सोडा. एकसारखा दाबून ओढलेला गज इथे मेलेला वाटतो.

घोडीमागे:
जोडीसाठी 'इस्त्वार द्यू टांगो' (१९८६) घ्या. मूळ फ्लूट आणि गिटारसाठी आहे, फ्लूटचा भाग व्हायोलिनवर सर्रास वाजवतात. चार भाग मिळून साधारण २० मिनिटं. तीन महिन्यांत चारही धरू नका. दुसरा 'काफे १९३०' आणि तिसरा 'नाइटक्लब १९६०' एवढे दोनच नीट करा. 'काफे'ची सुरुवात एकट्या गिटारची आहे, मध्ये मायनरचं मेजर होतं. तिथे व्हायोलिनवाले कंप इतका वाढवतात की चाल गोडमिट्ट होते. कंप लांब स्वराच्या शेवटाला ठेवा.

लय: आठ मात्रांची ३-३-२ अशी फोड, आघात १, ४ आणि ७ वर. केरव्याच्याही ८ मात्राच, म्हणून सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. वेग वाढला की शेवटचे दोन ताणले जातात आणि तीन सारखे तुकडे पडतात. मेट्रोनोम ८० वर, चार टोले. दुसरा आघात टोल्यांच्या मधोमध पडला पाहिजे. आधी टाळ्यांनी, पियाझोलांचं 'मिकेलांखेलो ७०' लावून.

कागदावर नसलेले आवाजही शिका. 'चिचार्रा' म्हणजे घोडीच्या मागे, तारेच्या गुंडाळलेल्या टोकावर मुठीकडचा गज छोट्या झटक्यांनी घासणं. रातकिड्यासारखं करकरतं. 'लातिगो' म्हणजे वरच्या तारेवर चाबकासारखा सर्रकन चढणारा मींडेचा फटका. तो नेमक्या स्वरावर थांबवला की चाबूक उरत नाही, नुसती मींड राहते.

तंबोरी:
खूप उपयोगी! फुकट फिरणारी पीडीएफ चालेल का? आणि पियाझोलांचे ब्वेनोस आइरेसवरचे 'चार ऋतू'?

उत्तररात्र:
पीडीएफ नको. पियाझोला १९९२ मध्ये गेले, आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत. 'इस्त्वार' पॅरिसच्या आँरी लमोआनकडून विकत मिळतं.

'ऋतू' सध्या ऐकण्यापुरते. रशियन संगीतकार देस्यात्निकोव्हची मांडणी एकल व्हायोलिन आणि तंतुवाद्यवृंदासाठी आहे. तिच्यात विवाल्दीच्या जुन्या 'चार ऋतूं'चे तुकडे पेरलेत, आणि दक्षिण गोलार्ध म्हणून ब्वेनोस आइरेसच्या उन्हाळ्यात विवाल्दीचा हिवाळा येतो!

माणसाबद्दल एक राहिलं. १९५४ मध्ये पॅरिसला संगीतरचना शिकवणाऱ्या नादिया बुलाँजेंकडे ते सिंफनी घेऊन गेले, टँगो लपवून. बाईंनी पियानोवर टँगो वाजवायला लावला आणि खरा पियाझोला हा आहे, याला सोडू नकोस, असं बजावलं. पुढच्याच वर्षी ब्वेनोस आइरेसमध्ये इलेक्ट्रिक गिटारसह आठ जणांचा ताफा उभा राहिला, आणि जुने टँगोवाले खवळले.

घोडीमागे:
बसवताना गिटारला माइक द्याच. व्हायोलिन जोरात गेलं की गिटारचे खालचे स्वर बुडतात, आणि ३-३-२ तर तिथेच आहे.