मदत हवी आहे: बाबांच्या बँकेच्या कामाला मोबाईल डेटा बरा की केंद्रावरचं वाय-फाय?

धुऱ्यावरचा: गाव दारव्हा तालुक्यातलं, जि. यवतमाळ. घरात रेंज आलीच तर फोनवर नुसता 'ई' दिसतो. फोरजी पाहिजे तर वावराच्या धुऱ्यावर जा. म्हणून सोयाबीनचा चुकारा जमा झाला का हे बघायला बाबा सेवा केंद्रासमोरच्या ओट्यावर बसतात. तिथल्या वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला, अख्ख्या गावाला पाठ.

चुलतभाऊ म्हणतो, वाय-फायवर बँकेचं ॲप उघडलं की खातं साफ, डेटा मात्र शंभर टक्के सेफ. मला हे पूर्ण पटत नाही, पण त्याला नीट उत्तरही देता येत नाही. त्यात परवा बाबांच्या फोनवर त्याच नावाची दोन वाय-फाय दिसली, एकाला कुलूप, एकाला नाही. बाबांनी बिनकुलपाचं जोडलं, पासवर्ड टाकायची कटकट नको म्हणून! दिवाळीपुरता गावात आहे, तेवढ्यात काय करून जाऊ?

पानठेला: भाऊ, वाय-फाय म्हंजे सामाईक गिलास. आपला डाटाच बरा.

तारवाला: गिलास सामाईक खरा, पण बँकेचं ॲप स्वतःची झाकणाची बाटली घेऊन येतं. फोन ते बँकेचा सर्व्हर हा मजकूर ॲपच कुलूपबंद करतं, खाली वाय-फाय असो की डेटा. ओट्यावर बसलेल्याला फार तर कोणत्या बँकेशी बोलणं चाललंय एवढं कळेल. पिन दिसणार नाही.

तरी फरक आहेच. डब्ल्यूपीए२ (वाय-फायला कुलूप लावायची नेहमीची पद्धत) असलेल्या वाय-फायचा पासवर्ड ज्याला माहीत आहे, तो जोडणीच्या वेळची देवाणघेवाण पकडून दुसऱ्याचा वाय-फायवरचा मजकूर उलगडू शकतो. म्हणजे भिंतीवरचा पासवर्ड हा दारावरच टांगलेल्या किल्लीसारखा. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए३ मध्ये (2018) ही खोट काढली, पण केंद्रावरचा राऊटर तेवढा नवा असेलच असं नाही. बिनकुलपाच्या नेटवर्कला तर हवेत झाकणच नसतं, आणि तसं कुणीही त्याच नावाने उभं करू शकतो. ते फोनमधून 'विसरा' करून टाका.

आता चुलतभावाचं शंभर टक्के. फोरजीवर फोन आणि टॉवर एकमेकांची ओळख पटवून घेतात, म्हणून धुऱ्यावरचा डेटा ओट्यापेक्षा नक्कीच बरा. पण तुमच्या घरातला 'ई' म्हणजे टूजी. तिथे टॉवर सिम ओळखतो, फोन मात्र टॉवरला 'तू कोण' विचारतच नाही. कॉल आणि मेसेज झाकायची टूजीची जुनी ए५/१ पद्धत 2009 मध्येच जाहीरपणे फोडून दाखवली गेली. तुमचा ओटीपी अशाच मेसेजने येतो. अँड्रॉइड १२ पासून काही फोनमध्ये टूजी बंद करायची सोय आहे, पण तुमच्या घरी ती वापरू नका, साधा फोनही लागायचा नाही.

हे सगळं ठीक. पण खेड्यात पैसे जातात ते टॉवर फोडून नाही, ग्रुपवर आलेल्या फायलीतून. बाबांच्या फोनमध्ये प्ले स्टोअरच्या बाहेरचं काही आहे का ते आधी बघा.

धुऱ्यावरचा: केंद्रावर विचारून आलो. बिनकुलपाचं नेटवर्क केंद्रवाल्या पोराच्याच मोबाईलचं हॉटस्पॉट. लाईन गेली की तो ते चालू करतो, आणि लोकांचा गोंधळ नको म्हणून नाव तेच ठेवलंय. आता पासवर्ड टाकतो म्हणाला.

आणि हो, फोनमध्ये 'पीएम किसान' नावाची एपीके (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाईल) सापडली. गावच्या ग्रुपवरून आलेली. तिला मेसेज वाचायची परवानगी दिलेली!! बाबा म्हणे, 'हप्ता कधी येते ते त्यात दिसते म्हणत होते.' खात्यातून अजून काही गेलेलं दिसत नाही. ॲप काढून टाकलं की झालं का?

तारवाला: नाही. आधी त्या फोनचा डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. फोटो वगैरे काढून घेऊन तो फोन पूर्ण रीसेट करा. यूपीआय पिन त्यानंतरच बदलायचा, त्या फोनवर आत्ता नाही. एक रुपया जरी गेलेला दिसला तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, उद्यावर टाकू नका.

पानठेला: तो ग्रुप आमच्या गावातबी आहे. बघतो मी पण.