घरच्या क्लॅम्पचं हँडल सोडताना निसटतं, काय करू?

पडवीतला_सुतार, देवगड
नमस्कार मंडळी, फणसाच्या फळ्या जोडून टेबलाचा टॉप करायचाय आणि त्यासाठी घरीच लाकडी बॉडीचे क्लॅम्प बनवलेत, स्क्रू म्हणून १२ मिमीचा थ्रेडेड रॉड (लांबीभर आटे असलेला लोखंडी रॉड) घेतला, हार्डवेअरमध्ये एक मीटरचा मिळतो तोच, कापून तुकडे केलेत. आता अडलंय ते हँडलला. रॉडच्या टोकाला दोन नट एकमेकांवर आवळून त्यावर प्लायची गोल चकती बसवली, वर अरल्डाइट. आवळताना मस्त चालतं पण घट्ट बसलेला क्लॅम्प सोडायला उलटं फिरवलं की नटच रॉडवरून फिरत बाहेर येतो, रॉड जागचा हलत नाही. आणि चकतीवर हाताचा जोरही नीट बसत नाही, घामाचा हात तर नुसता घसरतो. वेल्डिंग मशीन नाही, ड्रिल, ग्राइंडर, कानस आहे. विकतचे घे असं कृपया सांगू नका, सात-आठ लागणार आहेत.

खेर्डीचा_फिटर
भाऊ, अरल्डाइट वाईट नाही पण रॉड तेलकट असेल तर ते आट्यांना धरतच नाही, आणि धरलं तरी हँडलचा सगळा भार गोंदावर ठेवायचाच नाही. नट आणि रॉड यांच्यात आरपार पिन पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्याकडच्या सामानात होईल असं सांगतो. १२ चा लांब नट घ्या, दोन रॉड जोडायला वापरतात तो, साधारण ३६ मिमी लांब येतो. रॉड त्यात अर्ध्यापर्यंतच फिरवा, वरचा अर्धा भाग रिकामा ठेवा. खालच्या अर्ध्यात नटाच्या सपाट बाजूवर पंच मारून ३ मिमीचं आरपार भोक पाडा, नट आणि रॉड एकत्रच, बिट चांगला एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) घ्या, ड्रिल हळू चालवा आणि तेलाचा थेंब टाकत रहा नाहीतर बिट जळेल. त्यात जाड खिळा ठोकून दोन्ही टोकं कापा आणि हातोडीने चपटी करा. झालं, आता उलटं फिरवा नाहीतर सुलटं, नट सुटत नाही.

वरच्या रिकाम्या भागात साडेआठ मिमीचं आडवं भोक पाडून ८ मिमीचा लांब बोल्ट सरकवा, साधारण १२० मिमी. एका बाजूला बोल्टचं डोकं, दुसऱ्या बाजूला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा), म्हणजे दांडा इकडेतिकडे सरकतो पण पडत नाही. भिंतीजवळ अडचणीत काम असेल तेव्हा हा सरकता दांडा किती कामाचा आहे ते वापरल्यावरच कळतं. लोक रॉडलाच भोक पाडून दांडा घालतात ते करू नका, १२ च्या रॉडचा आट्यांच्या आतला गाभा जेमतेम १० मिमी, त्यात ६ चं भोक पाडलं तर दोन्ही बाजूला दोन-दोन मिमी राहतं आणि तिथेच पिळवटून तुटतं.

दांडा यापेक्षा लांब नको. रफ हिशोब सांगतो, ६ सेंटीमीटरवर हाताने दहा किलोचा जोर दिला तर १२ च्या रॉडने अडीचशे किलोच्या आसपास दाब येतो. फळ्या चिकटवायला एवढा पुष्कळ. दांडा दुप्पट केलात तर तुमची लाकडी बॉडीच वाकेल, आणि सांध्यातला सगळा गोंद बाहेर येईल ते वेगळंच.

कुडाळचो_तात्या
रे झिला, फिटर सांगता ता बरोबर, पण थंडीपावसात लोखंडाचो दांडो हाताक बरो लागत नाय, माका लाकडीच मूठ आवडता. लाकूड घेतलंस तर चिंचेचा घे, नायतर जुन्या माडाच्या बाहेरच्या अंगाचा, मधला गाभा मऊ असता तो घेव नको. सावंतवाडीक चितारआळीत कातकाम करणारे आसत, इचारून बघ, पण खेळण्यांचो पांगारो हँडलाक चलाचो नाय, नट आत फिराक लागतलो. मुठीच्या तोंडाक पायपाची बांगडी कापून घट्ट ठोक, म्हणजे लाकूड फुटाचा नाय. आणि पिन तेतूर पण व्हयीच.

मिरकरवाडा_गॅरेज
बोटींच्या कामातून सुचलेलं एक. भंगारात जुन्या गेट व्हॉल्वची लोखंडी चाकं पडलेली असतात, त्यांना मधे चौकोनी भोक असतं. रॉडचं टोक ग्राइंडर आणि कानशीने त्या मापाचं चौकोनी करा, चौकोनाच्या कोपऱ्यांवर आटे शिल्लक ठेवून चाक बसवा, मग नट. चौकोनामुळे चाक फिरत नाही, नट फक्त धरून ठेवतो. भोक रॉडपेक्षा मोठं असेल तर हे जमत नाही, चाक निवडतानाच बघा.

पुढे कोणी वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं म्हणाल तर पांढरट चमकणारा, जस्ताचा मुलामा असलेला रॉड तसाच वेल्ड करू देऊ नका, मुलामा घासून काढायला सांगा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, बघितलाय मी.

पडवीतला_सुतार, देवगड
फिटर भाऊ, लांब नटाचं एकदम पटलं, उद्याच नट आणतो. तात्या, चिंचेचं लाकूड आमच्या मागच्या आवारात आहे, एका क्लॅम्पला तेही करतो. अजून एक, इथे खाऱ्या हवेत साधा रॉड गंजतोच, मग सगळा स्टेनलेसचा घेऊ का?

खेर्डीचा_फिटर
नको. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच रॉडवर जोरात आवळला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, मग करवतच लागते, आणि क्लॅम्पमध्ये तर नेमकं तेच सारखं करायचं असतं. साधा रॉडच ठेवा, आट्यांना ग्रीस लावा आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी पुसून परत लावा. ग्रीस फळीला लागू देऊ नका, तिथे गोंद धरत नाही. आणि रॉडच्या दुसऱ्या टोकाला, फळीवर दाबतं त्या बाजूला, फिरती टोपी केलीय का? तिथले आटे घासून टोक गोल करा आणि जाड लाकडाच्या ठोकळ्यात अर्धवट भोक पाडून त्यात बसवा, नाहीतर रॉड फिरताना फणसाच्या फळीवर गोल खड्डा पडेल. फोटो टाका झाल्यावर.