मदत हवी आहे: क्यूटीमध्ये स्वतःचं जेश्चर, एकट्या कार्डावर चालतं पण यादीत ठेवलं की बिनसतं

नमस्कार मंडळी,

आठवडाभर एकाच गोष्टीशी झटापट चालू आहे. आता डोकं चालेनासं झालं, म्हणून इथे विचारते.

टिपणांचं एक छोटं अ‍ॅप लिहिते आहे. भाषा सी प्लस प्लस, फ्रेमवर्क क्यूटी 6, त्यातले विजेट्स म्हणजे पडद्यावरचे घटक (क्यूएमएल ही त्यातली दुसरी पद्धत नाही). टिपणांची कार्डं एकाखाली एक, सगळी स्क्रोल एरियात. कागदावर नको असलेला शब्द आपण गिरगटून टाकतो ना, तसं कार्डावर बोटाने गिरगटलं की ते कार्ड पुसलं जावं, एवढीच अपेक्षा. क्यूटीत टॅप, टॅप अँड होल्ड, पॅन, पिंच, स्वाइप ही जेश्चरं, म्हणजे बोटाच्या खुणा, तयार मिळतात, गिरगटणं अर्थातच मिळत नाही. म्हणून जेश्चर ओळखणाऱ्या क्यूजेश्चररेकग्नायझरवरून स्वतःचा क्लास काढला.

रेकग्नाइझ फंक्शनमध्ये टचबिगिन (बोट टेकलं) आला की मेबीजेश्चर ('कदाचित') परत करते. टचअपडेटला (बोट हललं) बोटाचा बिंदू वेक्टरमध्ये टाकते आणि पुन्हा मेबीजेश्चर. टचएंडला (बोट उचललं) जमलेले सगळे बिंदू वन डॉलर रेकग्नायझरला, म्हणजे आकृती नमुन्यांशी ताडून गुण देणाऱ्या पद्धतीला देते. गुण 0.8 च्या वर आले तर फिनिशजेश्चर (ओळख पटली), नाहीतर कॅन्सलजेश्चर (रद्द), आणि वेक्टर रिकामा. नोंदणी मुख्य खिडकीत एकदाच केली आहे, प्रत्येक कार्ड ग्रॅबजेश्चर करतं, म्हणजे हे जेश्चर मला हवं असं सांगतं. कार्डांना टच स्वीकारण्याचा अ‍ॅट्रिब्यूट लावलेला आहे, तो तपासून झाला.

एकच कार्ड असलेल्या चाचणीच्या खिडकीत हे लोण्यासारखं चालतं. खऱ्या यादीत मात्र तीन वेगवेगळे घोळ आहेत:

गिरगटायला लागलं की यादीच वरखाली सरकते. बरेचदा कार्ड पुसलं जातच नाही.

एकदा यादी सरकवली की त्यानंतरच्या पहिल्या प्रयत्नात ओळख हमखास चुकते. दुसऱ्या प्रयत्नात बरोबर येते.

तिसरा घोळ सगळ्यात भयंकर. कधीकधी मी फक्त यादी खाली सरकवते, सरळ रेषेत, आणि कार्ड पुसलं जातं! सरळ रेषेला 0.8 गुण मिळतातच कसे?

उंबरठा 0.9 करून पाहिला, तर खरं गिरगटणंही ओळखेना. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद १

उत्तर देण्याआधी दोन प्रश्न. बिंदूंचा वेक्टर नेमका कुठे ठेवला आहे, रेकग्नायझरच्या क्लासमध्ये की जेश्चरच्या? आणि यादी सरकवायला क्यूस्क्रोलर वापरता का?

धागाकर्ती

वेक्टर रेकग्नायझरमध्येच आहे, मेंबर म्हणून. जेश्चरसाठी वेगळा क्लास काढलाच नाही, क्रिएटमध्ये साधं क्यूजेश्चर परत करते. आणि हो, क्यूस्क्रोलर आहे. व्ह्यूपोर्टवर (स्क्रोल एरियाचा दिसणारा भाग) टचजेश्चर ग्रॅब केलं आहे, बाकी सगळं मुळात होतं तसंच.

प्रतिसाद १

मग दुसऱ्या घोळाचं उत्तर तुम्हीच दिलंत. रेकग्नायझर एकच असतो आणि तो सगळ्या कार्डांना मिळून असतो. क्यूटी प्रत्येक लक्ष्य विजेटसाठी क्रिएट बोलावून वेगळं जेश्चर ऑब्जेक्ट बनवून घेतं आणि दर वेळी तेच तुमच्या हातात देतं. स्मृती ठेवायची ती त्या ऑब्जेक्टमध्ये. तुम्ही ती रेकग्नायझरमध्ये ठेवलीत, म्हणजे चाळीस घरांना मिळून एकच वही, आणि जो येईल तो तिच्यातच लिहून जातो. दोन बोटं दोन कार्डांवर टेकवून पाहा, कसली खिचडी होते ते दिसेल.

आता 'सरकवल्यानंतरच का' हे बघू. वेक्टर तुम्ही फक्त टचएंडला रिकामा करता. पण स्पर्श दर वेळी टचएंडनेच संपेल असं नाही, स्पर्श मधेच रद्द झाल्याचा टचकॅन्सल नावाचाही इव्हेंट आहे. तुमच्या कोडात त्याची दखलच नाही. मागच्या स्पर्शाचे बिंदू तसेच पडून राहतात आणि पुढच्या खुणेच्या आधी चिकटतात.

तेव्हा क्यूजेश्चरवरून स्वतःचा क्लास काढा, वेक्टर त्यात हलवा. रेकग्नायझरचं रीसेट ओव्हरराइड करून तिथे तो रिकामा करा, आणि शेवटी मूळ क्लासचं रीसेट बोलवायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, जेश्चरची स्थिती जुनीच राहायची आणि मी दोन दिवस भलतीकडेच शोधत होतो.

जाता जाता आणखी एक. नोंदणी करतानाच क्यूटी क्रिएट एकदा बोलावून पाहतं आणि तेव्हा लक्ष्य शून्य असतं. त्यामुळे क्रिएटमध्ये लक्ष्य तपासल्याशिवाय त्याच्यावर काही करू नका, प्रोग्राम चालू होतानाच कोसळेल.

प्रतिसाद २

तिसऱ्या घोळाबद्दल लिहितो, कारण मीही त्यात पोळलो आहे.

वन डॉलर ही वॉब्रॉक, विल्सन आणि ली यांची 2007 ची पद्धत. ती काय करते ते हाताने कागदावर करून पाहा. आधी रेषेवर सारख्या अंतरावर 64 बिंदू घेते. मग मध्यापासून पहिल्या बिंदूपर्यंतचा कोन शून्य होईल अशी आकृती फिरवते. मग ती ताणून चौरसात बसवते, रुंदी वेगळी आणि उंची वेगळी ताणून. शेवटी साठवलेल्या नमुन्यांशी बिंदूला बिंदू लावून सरासरी अंतर काढते.

मेख त्या चौरसात आहे. सरळ खाली ओढलेल्या रेषेला उंची आहे, रुंदी जवळजवळ नाहीच. जी आहे ती बोटाच्या थरथरीची, दोनतीन पिक्सेल. ती थरथर ताणून चौरसाएवढी रुंद केली की काय दिसेल? डावीउजवीकडे झोके घेत जाणारी रेघ. म्हणजे तुमचं गिरगटणंच! 0.8 मिळाले यात नवल नाही.

ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनीच ही मर्यादा सांगून ठेवली आहे, एकमितीय खुणा तिला झेपत नाहीत. शिवाय आकृती फिरवून घेतल्यामुळे वर दाखवणारा बाण आणि खाली दाखवणारा बाण तिला सारखेच. आणि 'यातलं काहीच नाही' असं ती आपणहून कधी म्हणत नाही. सगळ्यात जवळचा नमुना पुढे करते, नकार द्यायचा तर तो तुम्ही उंबरठा ठेवून द्यायचा.

किमान उपाय म्हणजे आकृतीची छोटी बाजू मोठीच्या साधारण 0.3 पटीपेक्षा कमी असेल तर दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात ताणा. थरथर थरथरच राहील.

प्रतिसाद ३

मला विचाराल तर वन डॉलर काढूनच टाका. तुम्हाला सोळा आकृत्यांतून एक ओळखायची नाही, एकच खूण आहे. गिरगटणं म्हणजे काय, तर आडव्या दिशेत बोट वारंवार उलट फिरणं. तेवढंच मोजा. बोट उजवीकडे किमान 4 मिलिमीटर गेलं आणि मग डावीकडे किमान 4 मिलिमीटर आलं, तर एक वळण. अशी चार वळणं झाली की गिरगटणं. छोटी थरथर त्या 4 मिलिमीटरांतच गाळली जाते. कोड वीसेक ओळींचा होईल आणि चुकला तर का चुकला हे डोळ्यांनी वाचून कळेल.

पिक्सेलांत मोजू नका मात्र. दाट पडद्यावर तेच 20 पिक्सेल म्हणजे बोटाची नुसती हालचाल. क्यूस्क्रीनकडून प्रत्यक्ष डीपीआय (इंचामागे किती पिक्सेल) घ्या आणि मिलिमीटर काढा.

याचा दुसरा फायदा पहिल्या घोळाला होतो. तुमचा रेकग्नायझर बोट उचलेपर्यंत 'बघू, बघू' म्हणत बसतो. क्यूस्क्रोलर तेवढा वेळ थांबत नाही. त्याचं ड्रॅगस्टार्टडिस्टन्स मुळात 0.005 असतं, एकक मीटर, म्हणजे 5 मिलिमीटर. बोट तेवढं सरकलं की तो यादी ओढायला लागतो. तुम्ही निकाल शेवटी देणार आणि तो सुरुवातीलाच, मग शर्यत कोण जिंकणार?

इतर फ्रेमवर्कांत यासाठी रीतसर पंच असतो. फ्लटरमध्ये सगळे रेकग्नायझर एका आखाड्यात उतरतात, एक जिंकला की बाकीचे बाद. आयओएसवर 'तो अपयशी ठरल्याशिवाय मी सुरू होणार नाही' असं एका रेकग्नायझरला दुसऱ्याबद्दल सांगता येतं. क्यूटी विजेट्समध्ये वेगवेगळ्या प्रकारची दोन जेश्चरं एकाच बोटावर सुखाने एकत्र चालू शकतात, कुणी कुणाला बाद करत नाही. कन्झ्यूमइव्हेंटहिंट पाहून फसू नका. त्याने इव्हेंट विजेटपर्यंत जायचा थांबतो, दुसऱ्या रेकग्नायझरपर्यंत जायचा नाही.

म्हणून पंच तुम्हीच व्हा. बोट 3 मिलिमीटर सरकलं की दिशा बघा. आडवं अंतर उभ्याच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर लगेच ट्रिगरजेश्चर ('सुरू झालं') परत करा, नाहीतर तिथेच कॅन्सलजेश्चर आणि यादीला सरकू द्या. जेश्चर सुरू झाल्याचा इव्हेंट कार्डाला मिळाला की व्ह्यूपोर्टच्या क्यूस्क्रोलरवर स्टॉप बोलवा. तो निष्क्रिय होतो आणि पुढचा स्पर्श टेकेपर्यंत हलत नाही. त्यानंतर गिरगटता गिरगटता बोट खाली घसरलं तरी फिकीर नाही. चार वळणं झाली तर फिनिश, बोट आधीच उचललं तर कॅन्सल.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं बदललं.

वेक्टर जेश्चरच्या क्लासमध्ये गेला आणि टचकॅन्सल हाताळला, दुसरा घोळ तिथल्या तिथे संपला. दोन बोटांचा प्रयोग आधी जुन्या कोडावर करून पाहिला. दोन कार्डांवर एकेक बोट ठेवून सरळ रेघ ओढली आणि त्यातलं एक कार्ड गायब! आता नाही होत.

प्रतिसाद २ मधलं वाचून थरथर ताणलेली आकृती मुद्दाम पडद्यावर काढून बघितली. अगदी हुबेहूब गिरगटणं. खूप हसले. ते पाहिल्यावर वन डॉलर काढून वळणं मोजणारा कोड लिहिला, तेवीस ओळी झाल्या. चार वळणं मला जास्त वाटली, तीनवर ठेवली आहेत.

3 मिलिमीटरला दिशा ठरवणं आणि स्टॉप हेही चाललं, पण एक बारीक कुसळ राहिलं आहे. खूप जोरात गिरगटलं तर यादी क्षणभर हलते आणि थांबते. तिरकं सुरू केलं तर जास्त जाणवतं. असं का?

प्रतिसाद ३

बोट जोरात असलं की दोन टचअपडेटच्या मधेच बरंच अंतर कापलं जातं. सेकंदाला एक मीटर वेग आणि 60 नोंदी धरल्या तर दोन नोंदींत 16 मिलिमीटरांहून जास्त. तुमचे 3 आणि त्याचे 5, दोन्ही एकाच इव्हेंटमध्ये ओलांडले जातात. ड्रॅगस्टार्टडिस्टन्स वाढवून हे पूर्ण सुटणार नाही, उलट यादी जड वाटायला लागेल. टचबिगिनला स्क्रोलबारची किंमत (यादी कुठवर सरकली आहे तो आकडा) लिहून ठेवा आणि स्टॉप बोलावल्यावर तीच परत लावा. डोळ्याला कळणार नाही.

प्रतिसाद २

जमलं, छान. फक्त पुसण्याचा दुसरा रस्ताही ठेवा, कार्डावर साधं बटण किंवा मेनूतली नोंद. ज्याचा हात कापतो त्याला गिरगटणं जमत नाही, आणि तुमचं वळणं मोजणारं कोड त्याच्या साध्या स्पर्शालाही गिरगटणं समजू शकतं. डब्ल्यूसीएजी 2.1 या सुलभतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वेबसाठी असा नियमच आहे, क्रमांक 2.5.1: जे काम बोटाच्या विशिष्ट मार्गाने होतं ते मार्ग न आखता एका साध्या स्पर्शानेही व्हायला हवं. अ‍ॅपलाही तो लावायला हरकत नाही. आणि पुसल्यावर 'परत आणा' हवंच.

धागाकर्ती

स्क्रोलबारची युक्ती चालली, आता यादी अजिबात हलत नाही. 'परत आणा' होतंच, त्याच्याच जिवावर इतके दिवस चाचणी चालू होती. बटण आज घालते. धागा सुटला असं धरायला हरकत नाही.